छोट्या जातीचं पिल्लू घेताना: सोलापूरकरांसाठी जात निवडण्यापासून पहिल्या उन्हाळ्यापर्यंत

छोटं कुत्रं घ्यायचं ठरलं की घरातली चर्चा बहुधा रंग आणि किंमत यांवरच संपते. सोलापुरात पहिला प्रश्न उन्हाळ्याचा असायला हवा. मार्चच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत इथला पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि मे महिन्यात ४३-४४ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता ते मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतं. त्यामुळे नाक आणि घसा जितका मोकळा, तितका त्याचा उन्हाळा सोपा जातो. जात ठरवताना हे आधी पाहा, बाकी सगळं नंतर.

कोणती जात

सगळ्यात जास्त विचारणा होते ती पगची. स्वभावाने गोड, भुंकणं कमी, मुलांशी छान जमतं. पण त्याचं तोंड चपटं असतं. नाकपुड्या अरुंद, तोंडातल्या टाळूचा मऊ भाग गरजेपेक्षा लांब, त्यामुळे धाप लागली तरी हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही. शिह त्झूचीही तीच अडचण, वर लांब केसांचा भार. ज्या घरात दुपारभर गार राहणारी एक तरी खोली आहे आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे, त्यांनीच या दोन जातींचा विचार करावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर छान चालतो. जूनच्या सुरुवातीला हवेत दमटपणा आला की तोच कूलर निकामी वाटू लागतो, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ते दिवस फार जड जातात. पत्र्याच्या छताचं घर असेल तर पग घेऊच नका.

पांढरंशुभ्र, टोकदार कानांचं, झुपकेदार शेपटीचं जे कुत्रं आपल्याकडे ‘पामेरियन’ म्हणून ओळखलं जातं, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. पूर्ण वाढ झाल्यावर ५ ते ७ किलोचं होतं, काही याहून बरीच मोठी होतात. खरं टॉय पॉमेरेनियन साधारण २ ते ३ किलोचं आणि कितीतरी महाग. एकाचे पैसे देऊन दुसरं घरी येऊ नये म्हणून आई-बापाचं वजन विचारा. आमच्या मते पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या सोलापूरकराला इंडियन स्पिट्झ सर्वांत सोयीचं. नाक लांब, तब्येत काटक, आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं. भुंकतं मात्र भरपूर, तेव्हा शेजाऱ्यांचाही विचार करा. उन्हाळा आला म्हणून त्याचे केस मुळापासून काढू नका. आतला लोकरीसारखा थर आणि वरचे लांब केस मिळून कातडीला उन्हापासून वाचवतात, आणि एकदा भादरलेले केस कधीकधी नीट परत येतच नाहीत. रोज विंचरून सुटलेली लोकर काढली की पुरे.

डॅशहंडचे केस आखूड, नाक लांब, उन्हाळा त्याला बराच मानवतो. त्याचा नाजूक भाग म्हणजे पाठ. लांब कण्यामुळे मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका असतो. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि जिना उभा असेल, तर त्याला आयुष्यभर उचलून न्यावं लागेल, तेही एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली धरून. दिवाणावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत आणि वजन वाढू द्यायचं नाही. हे जमत असेल तर उत्तम जात.

मिनिएचर पिन्चर चपळ आणि काटक, पण त्याचे पाय काडीसारखे. हातातून निसटून फरशीवर पडलं तरी हाड मोडतं. चिवावा त्याहून लहान, जेमतेम ३ किलोपर्यंत. घरात पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर हे दोन्ही नकोत. ल्हासा अप्सो शिह त्झूपेक्षा थोडं बरं, पण केसांची निगा तितकीच: रोज विंचरणं, दर चार-सहा आठवड्यांनी कापणं.

‘टीकप’ नावाची कोणतीही जात नाही. त्या नावाखाली विकलं जातं ते एक तर वेतातलं, म्हणजे एकाच वेळी जन्मलेल्या भावंडांमधलं, सगळ्यात अशक्त पिल्लू, नाही तर आईपासून फार लवकर तोडलेलं. अशा पिल्लांची डोक्यावरची टाळू उघडी राहणं, रक्तातली साखर उतरणं हे नेहमीचं. जास्त पैसे मोजून आजारपण विकत घेऊ नका.

आणि जातीचा हट्ट नसेल तर देशी पिल्लू जरूर पाहा. आकाराने मध्यम होतं, पण सोलापूरचा उन्हाळा त्याच्याइतका कुणालाच झेपत नाही.

कधी आणायचं

दिवाळी संपल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू नोव्हेंबरात घरी आलं तर उन्हाळ्याआधी त्याच्या लसी पूर्ण होतात आणि मार्चमध्ये ते सहा महिन्यांचं, अंगात थोडा दम असलेलं असतं. दिवाळीआधी आणलं तर नव्या घराची भीती आणि फटाक्यांची भीती एकत्र बसते आणि ती पुढे निघता निघत नाही. सिद्धेश्वर यात्रेतलं शोभेचं दारूकाम जानेवारीत असतं. होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी त्या रात्री पिल्लाला आतल्या खोलीत ठेवावं, पंखा आणि टीव्ही चालू ठेवावा, जवळ बसावं. एप्रिल-मेमध्ये पिल्लू आणणं शक्यतो टाळा. प्रवासातच निम्मा जीव जातो.

कुठून घ्यायचं

श्वान प्रजनन आणि विक्रीबाबत २०१७ साली केंद्राने केलेल्या नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा क्रमांक मागा. वयाबद्दल विक्रेत्याच्या शब्दावर न राहता तोंड उघडून पाहा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला पुढचे दात, सुळे आणि दुधाच्या दाढा दिसायला हव्यात. अर्धवट दात आणि डगमगती चाल असेल तर ते लहान आहे. वय महत्त्वाचं का, तर सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतं. तीस-पस्तीस दिवसांत उचललेली पिल्लं पुढे फार चावरी निघतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

पिल्लाआधी आई पाहा. ती तुमच्यावर धावून येते, की घाबरून कोपऱ्यात बसते, की शेपटी हलवत जवळ येते? पिल्लांचा स्वभाव बराचसा तिच्याकडून येतो. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल तर ते पिल्लू दुसऱ्याकडून आणलेलं आहे असं धरून चला.

सोलापुरात पुण्याहून किंवा हैदराबादहून पिल्लं ट्रॅव्हल्सच्या गाडीने मागवायची पद्धत पडली आहे. फोटो पाहून अ‍ॅडव्हान्स पाठवायचा आणि पहाटे पेटी उतरवून घ्यायची. असं करू नका. फोटोतलं पिल्लू आणि पेटीतलं पिल्लू वेगळं निघतं. ते एकच असलं तरी रात्रभर उपाशी, घाबरलेलं आणि डिकीच्या कोंडलेल्या हवेत आलेलं पिल्लू आजाराला लगेच बळी पडतं. पुणं पाच तासांवर आहे. स्वतः जा, पिल्लू मांडीवर घेऊन या.

पिल्लू हातात घेऊन तपासणं

सकाळी, पिल्लं खाऊन खेळत असताना जा. आधी दहा मिनिटं लांबूनच पाहा. सगळ्यांना ढकलून पुढे येणारं आणि कोपऱ्यात एकटं बसणारं, ही दोन्ही टोकं नवख्या माणसाने टाळावीत. मधल्यांपैकी एकाला बाजूला घ्या. खाली बसून हलकेच टाळी वाजवा: येतंय का? किल्ल्यांचा जुडगा थोड्या अंतरावर टाका. दचकून मागे सरलं तरी चालेल, पण अर्ध्या मिनिटात परत येऊन वास घ्यायला हवा. मग तळहातावर उताणं धरा. थोडी धडपड करून शांत होणारं पिल्लू घरात लवकर रुळतं.

आता अंग तपासा, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

- हिरड्या गुलाबी आणि ओल्या हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. फिकट हिरड्या म्हणजे जंत, गोचीड नाही तर अशक्तपणा.
- पग आणि शिह त्झूच्या नाकपुड्या पाहा. श्वास घेताना त्या आत मिटत असतील, किंवा पिल्लू नुसतं बसलेलं असतानाही घरघर ऐकू येत असेल, तर ते सोडून द्या. ‘पग असाच घोरतो’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.
- डोक्याच्या मध्यावर बोट फिरवा. मऊ खड्डा लागला तर टाळू भरलेली नाही. चिवावा आणि पॉमेरेनियनमध्ये हे विशेष पाहायचं.
- पोट जेवल्यावर गोल दिसणारच. पण बरगड्या दिसत असून पोट तेवढं टमटमीत असेल तर जंत आहेत. बेंबीजवळ मऊ गाठ लागली तर हर्निया. लहान असेल तर चालतं, पण डॉक्टरांना दाखवून मग ठरवा.
- शेपटीखालचे केस कोरडे आणि स्वच्छ हवेत. तिथे पातळ शी चिकटलेली असेल तर त्या वेतातलं एकही पिल्लू घेऊ नका.
- फरशीवर चालवा. मधूनच एक मागचा पाय उचलून दोन-तीन पावलं उड्या मारत जाणं आणि पुन्हा नीट चालणं, ही गुडघ्याची वाटी सरकत असल्याची खूण आहे. छोट्या जातींमधला हा अगदी नेहमीचा दोष.

सगळं ठीक वाटलं तरी व्यवहार ठरवताना एक अट घाला: दोन-तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांनी तपासून दोष सांगितला तर पिल्लू परत. ही अट मान्य न करणाऱ्याकडून घेऊ नका.

कागदपत्रं आणि लसी

केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. तो मिळणार असेल तर त्यावरचा १५ अंकी मायक्रोचिप क्रमांक डॉक्टरांकडच्या स्कॅनरवर जुळवून घ्या. कागद नसला तरी निरोगी पिल्लू मिळू शकतं. पण कागदाचे पैसे घेऊन ‘नंतर पाठवतो’ म्हणणारा सहसा पाठवत नाही.

लसीच्या पुस्तिकेत बाटलीवरचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा. नुसतं पेनाने ‘लस दिली’ लिहिलेलं असेल तर दिली नाही असं समजून डॉक्टरांकडे पुन्हा सुरुवात करा. पार्वो, डिस्टेंपर वगैरे जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू होते, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. इतके डोस का? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील तसं बूस्टर. पिल्लू छोटं म्हणून कुणी अर्धा डोस देऊ लागलं तर थांबवा. लसीचं प्रमाण वजनावर ठरत नाही. जंताचं औषध मात्र वजनावरच ठरतं: तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा.

शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत, कंबर तलावाकाठी जमिनीवर सोडू नका. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. याचा अर्थ कोंडून ठेवा असा नाही. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत जे आवाज, माणसं, वाहनं पिल्लू पाहतं त्यांची भीती त्याला पुढे वाटत नाही. म्हणून कडेवर घेऊन सात रस्त्याला पाच मिनिटं उभं राहा, रिक्षा, बँड, भाजीवाला सगळं दाखवून आणा. उलट्या सुरू झाल्या, खाणं सुटलं आणि शीला रक्ताचा घाण वास आला तर पार्वोचा संशय धरून डॉक्टरांकडे न्या, तासही घालवू नका. हळद, ताक, ओव्याचं पाणी यांत वेळ जातो आणि पिल्लू दगावतं. घरात आधी पार्वोने कुत्रं गेलं असेल तर फरशी एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी अशा मिश्रणाने दहा मिनिटं ओली ठेवून धुवा. मातीच्या अंगणात याचा उपयोग होत नाही. तिथे लसी पूर्ण झाल्यावरच सोडायचं.

पहिला आठवडा आणि साखर

एक-दीड किलोच्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा नसल्यासारखाच असतो. पाच-सहा तास उपाशी राहिलं, फार खेळलं, थंडी वाजली किंवा घाबरलं की रक्तातली साखर उतरते. आधी सुस्त होतं, मग चालताना झोकांड्या, नजर एका जागी, थरथर, शेवटी झटके. नवखी माणसं ‘दमलंय, झोपू द्या’ म्हणतात आणि इथेच घात होतो. मध किंवा पाण्यात कालवलेलं ग्लुकोज बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा, अर्धा चमचा पुरे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. टॉवेलात गुंडाळून ऊब द्या आणि डॉक्टरांकडे निघा.

हे टाळायचं तर वेळच्या वेळी खाणं हवं. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार-पाचदा, शेवटचं रात्री अकराच्या सुमारास. सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. एक किलो वजनाच्या दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसभरात साधारण ५० ग्रॅम कोरडं पप्पी फूड लागतं, ते कोमट पाण्यात भिजवून चार-पाच वेळांत विभागून द्यायचं. पाकिटावरचा तक्ता पाहा आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. वजन एक आठवडा जरी वाढलं नाही तरी कारण शोधायचं. ब्रीडर जे देत होता तेच पहिले सात दिवस द्या. बदलायचं असेल तर पुढच्या सात दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला.

दूध-पोळी किंवा दूध-भाकरीवर पिल्लू वाढवू नका. दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, आणि ज्वारीच्या भाकरीत प्रथिनं व कॅल्शियम त्याला पुरेसं मिळत नाही. कडक भाकरीचा तुकडा घशात अडकतो तो वेगळाच. घरात दोन गोष्टी मात्र कडीकुलपात हव्यात: द्राक्षं-बेदाणे आणि शेंगदाण्याची चटणी. द्राक्ष आणि बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि दीड किलोच्या जीवाला चार दाणेही धोक्याचे. आपल्या जिल्ह्यात हंगामात हे घराघरांत टोपलीभर असतं. चटणीतला लसूण, तसाच कांदा, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चॉकलेट नको, आणि ताप वाटला म्हणून माणसांच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

शी-शूसाठी एकच जागा ठरवा. झोपून उठल्यावर, खेळल्यावर आणि खाल्ल्यानंतर दहा-वीस मिनिटांत तिथे न्या, झाल्याबरोबर शाबासकी द्या. पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, साधारण तितकेच तास ते दिवसा थांबू शकतं. नाक घासणं, मारणं यातून ते फक्त लपून करायला शिकतं. फरशीला काळं फिनाईल लावू नका. पिल्लू पाय चाटतं आणि ते पोटात जातं. आणि आपल्याकडे आजी कन्नडमध्ये, शेजारी तेलुगूत, मुलं मराठीत बोलतात; पिल्लासाठी ‘बस’, ‘नको’, ‘ये’ हे शब्द सगळ्यांनी एकच ठरवून घ्या.

अंथरुणाला जुनी सोलापुरी चादर चार घड्या घालून वापरा. धुता येते, लवकर वाळते, आणि डिसेंबरच्या रात्री अंगाखाली ऊब राहते.

पहिला उन्हाळा

फिरायला सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. दुपारी गच्चीवर, पत्र्याखाली, उभ्या गाडीत एक मिनिटही नको. पाणी दोन ठिकाणी ठेवा, माठातलं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं, ते प्यायलाही नको आणि अंगावर टाकायलाही नको. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने साठवलेलं पाणी असतंच. भांडं मात्र रोज घासून नव्याने भरा.

कुत्र्याचं साधारण तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. धाप थांबत नाही, जीभ गडद लाल, लाळ चिकट, उलटी, झोकांड्या, आणि थर्मामीटर १०४ च्या वर, म्हणजे उष्माघात. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात घालायचा. घरात एक त्याच्यासाठी वेगळा ठेवा. सावलीत आणा, पोट, काखा, जांघा, पंजे माठाच्या पाण्याने भिजवा आणि समोर पंखा लावा. ओल्या चादरीत गुंडाळून ठेवू नका, काही मिनिटांत ती उष्णता आतच कोंडते. दर पाच मिनिटांनी तापमान पाहा, १०३ ला आलं की भिजवणं थांबवा, नाही तर उलट खाली घसरत जातं. बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे न्याच. आतल्या अवयवांना झालेली इजा दुसऱ्या दिवशीही दिसू शकते.

गोचीड उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर फार. त्यांच्यातून होणारा ताप छोट्या कुत्र्याचं रक्त झपाट्याने कमी करतो. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळ्याखाली रोज हात फिरवा. जनावरांच्या गोचिडांसाठी गोठ्यात वापरतात ती पावडर किंवा औषध पिल्लाला लावू नका, त्यातून विषबाधा होते. पिल्लाच्या वजनाचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

गळ्यात पट्टा ओळखीच्या बिल्ल्यापुरता ठेवा. दोरी बांधायला छातीचा हार्नेस वापरा, कारण छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते आणि सारख्या हिसक्यांनी ती चपटी होऊन हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला जडतो. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात. सात महिन्यांचं झाल्यावर तोंड उघडून पाहा: नवा सुळा आला आणि जुनाही शेजारी तसाच असेल तर दोघांच्या मध्ये अन्न अडकून हिरडी सडते. असा दात काढावा लागतो, आणि नसबंदी करायचीच असेल तर ती त्याच भुलीत उरकून घेता येते का हे डॉक्टरांना विचारा.